एकदाचं काय ते ठरवा

ज्याचा लिंगभाव एका जागी बसत नाही अशा माणसाला हल्ली दोन प्रश्न विचारले जातात. 'म्हणजे नक्की कोण?' हा पहिला. 'मग हार्मोन्स घेणार का?' हा दुसरा. विचारणारे शत्रू नसतात. शत्रूंना प्रश्न पडत नाहीत, त्यांच्याकडे उत्तरं तयार असतात. विचारतात ते आपलेच: कवितावाचनाला भेटणारे, निवेदनांवर सह्या करणारे, सर्वनामाची चौकशी आस्थेने करणारे. आणि त्यांच्या मनात हे दोन प्रश्न नसतातच, एकच असतो. दुसऱ्याचं उत्तर हा पहिल्या उत्तराचा दाखला. 'घेणार' म्हटलं की त्यांच्या चेहऱ्यावर सुटका दिसते: चला, म्हणजे हे खरं आहे. 'अजून ठरत नाही' म्हटलं की चहाचा कप हळूच बशीत ठेवला जातो आणि विषय बदलतो.

माझं भांडण या जोडणीशी आहे. हार्मोन घ्यावे की घेऊ नयेत याच्याशी नाही.

मी कोणत्या बाजूने निघालेलं माणूस आहे आणि कुठे चाललंय, हे या लेखात सांगणार नाही. वय चव्वेचाळीस, धंदा अनुवादाचा, बंगालीतून आणि हिंदीतून मराठीत. एवढं पुरे. माझी आई म्हणते, "जे काय ते एकदाचं कर, म्हणजे मला चार लोकांना सांगता येईल." आईला माफ आहे. तिला रोज संध्याकाळी सोसायटीच्या बाकावर त्या चार लोकांशेजारी बसायचं असतं. पण तिचा 'एकदाचं' हा शब्द मला दवाखान्यात, सरकारी नियमांत आणि संपादकांच्या पत्रांत जसाच्या तसा भेटतो, आणि तिथे तो माफ करायचं कारण मला दिसत नाही. मराठीत 'एकदाचं' हा शब्द कटकट संपण्यासाठी आहे. लग्न एकदाचं उरकलं, कर्ज एकदाचं फिटलं, म्हातारा एकदाचा सुटला. कुणाचा तरी लिंगभाव 'एकदाचा' ठरावा असं म्हणणारा माणूस स्वतःची कटकट संपवत असतो.

'लिंग' या शब्दाचा मूळ अर्थ खूण. मराठीने तो एकच शब्द व्याकरणाला, अवयवाला आणि माणसाच्या ओळखीला वापरला. 'लिंगभाव' हा समाजशास्त्राच्या वर्गातून आलेला जोड नंतरचा. म्हणून खूण दाखवा हा आग्रह आपल्या भाषेला अगदी स्वाभाविक वाटतो. गंमत अशी की व्याकरणकारांना तो कधीच पुरेसा वाटला नव्हता. पतंजलीने महाभाष्यात शरीराच्या खुणांचा निकष विचारात घेतला, स्तन असले की स्त्री, अंगावर लव असली की पुरुष, आणि तो चालत नाही असं ठरवलं. कारण साधं होतं: खाटेला स्तन नाहीत, तरी 'खट्वा' स्त्रीलिंगी. नदीकाठ तर तट, तटी आणि तटम् असा तिन्ही लिंगांत येतो. शेवटी लिंग हे लोकांच्या वापरावर आणि बोलणाऱ्याला काय म्हणायचंय त्यावर, त्याच्या विवक्षेवर, सोडावं लागलं.

थांबा. आता हा लेख अर्धनारीनटेश्वराकडे वळणार अशी धास्ती ज्यांना वाटली असेल त्यांनी निश्चिंत राहावं. दर जून महिन्यात आपल्या पुरवण्यांत एक लेख येतो. त्याची सुरुवात बृहन्नडेने होते, मध्ये बालगंधर्वांचा शालू येतो, 'आपली संस्कृती मुळातच किती उदार' असा उसासा पडतो, आणि शेवटी एका डॉक्टरांची चौकट असते ज्यात 'पालकांनी वेळीच लक्ष द्यावे' असं लिहिलेलं असतं. पतंजलीने खाटेबद्दल जे म्हटलं ते माणसाबद्दल नव्हतं, हे मला समजतं. मला एवढंच दाखवायचंय की शरीरावरची खूण आणि लिंग यांची गाठ निसर्गाने मारलेली आहे असं व्याकरण शिकवणाऱ्यांनासुद्धा म्हणवलं नाही. ती गाठ कायम कुणीतरी मारतं, कशासाठी तरी.

खुणेची दुसरी गोष्ट जास्त जवळची आहे. कोल्हापूर, सांगली आणि सीमेपलीकडच्या सौंदत्तीच्या मुलखात केसांत जट आली की यल्लम्माने बोलावलं असं मानत. मुलगी असली तर जोगतीण, मुलगा असला तर जोगता. राजन गवस यांच्या 'चौंडकं' आणि 'भंडारभोग' या कादंबऱ्या त्या जगाच्या आहेत, 'जोगवा' हा 2009 चा चित्रपट त्यांवरूनच झाला. त्या जगात पोराला काय वाटतं हे कुणी विचारत नाही. खूण दिसली, निकाल लागला, लुगडं नेसवलं. आम्ही शिकलेली माणसं हे वाचून हळहळलो, त्यावर शोधनिबंध लिहिले. आणि आज आम्हीच समोरच्या माणसाच्या आवाजात, हनुवटीवर, शर्टाखाली जट शोधत असतो. फरक इतकाच की ही जट औषधाच्या दुकानात मिळते.

आता औषधाबद्दलच बोलू, कारण या चर्चेत सगळ्यात कमी बोललं जातं ते त्याबद्दल. ('संप्रेरक' हा शब्द मी शाळेच्या जीवशास्त्राच्या पुस्तकाबाहेर कधी ऐकलेला नाही. लोक हार्मोन म्हणतात, मीही तेच लिहीन.)

टेस्टोस्टेरॉन घेतलं की काही महिन्यांत आवाज खाली उतरतो आणि तो पुन्हा वर चढत नाही. दाढीमिशी येते, तीही औषध थांबवल्यावर निघून जात नाही. पाळी बहुधा थांबते. औषध सोडलं तर बहुधा परत येते. चरबीची जागा बदलते, स्नायू भरतात, हे बदल औषधाबरोबर येतात आणि बरेचसे औषधाबरोबर जातात. रक्त दाट होण्याकडे लक्ष ठेवावं लागतं. इस्ट्रोजेनचं उलटं आहे. आवाजावर त्याचा काहीच परिणाम होत नाही, तो सरावानेच घडवावा लागतो. त्वचा मऊ होते, अंगावरचे केस विरळ होतात. स्तनांची वाढ होते आणि ती औषध सोडल्यावर राहते. वीर्य कमी होतं, आणि पुन्हा पूर्ववत होईलच याची हमी कुणी देत नाही, म्हणून मूल हवं असेल तर आधी विचार करावा लागतो. रक्ताची गुठळी होण्याचा धोका असतो, धूम्रपान करणाऱ्याला जास्त. दोन्हीकडे पहिल्या वर्षी दर तीनेक महिन्यांनी रक्त तपासायचं. आणि थोडा डोस घ्यावा, म्हणजे हवे तेवढेच बदल होतील, हा आमच्यासारख्यांचा लाडका समज खरा नाही. थोड्या डोसाने होतात ते तेच बदल, फक्त हळू. आवाज घेईन पण दाढी नको, असा वाणसामानासारखा हिशेब शरीर मान्य करत नाही.

ही यादी वाचून एखाद्याला वाटेल, केवढा गंभीर निर्णय! आहेच. पण तो कशाबद्दलचा निर्णय आहे ते नीट बघा. आवाज, केस, छाती, पाळी, मूल, रक्त. यात 'तू खरं कोण' हा प्रश्न कुठल्याच ओळीत नाही. मला खाली उतरलेला आवाज हवा का, याचं उत्तर मला देता येईल. फोनवर तो कसा ऐकू येईल, गाताना काय हरवेल, भाचीला त्याची सवय किती दिवसांत होईल, यावर माझे महिने गेलेत आणि ते वाया गेले असं मला वाटत नाही. पण 'माझं लिंग सिद्ध करण्यासाठी मला आवाज हवा का' या प्रश्नाला उत्तरच नाही, कारण सिद्ध करायचंय ते दुसऱ्या कुणाला तरी.

हीच औषधं इतर वेळी कशी दिली जातात ते पाहिलं तर ढोंग उघडं पडतं. माझ्या वयाच्या कितीतरी बायका पाळी जाताना इस्ट्रोजेन घेतात. डॉक्टर रक्तदाब बघतात, घरात कुणाला स्तनांचा कर्करोग होता का ते विचारतात, चिठ्ठी लिहितात. 'तुम्ही स्वतःला लहानपणापासून स्त्री समजत आलात का?' असं कुणी विचारत नाही. स्पायरोनोलॅक्टोन हृदयाच्या रुग्णांच्या डब्यात असतं. आणि सायप्रोटेरॉन असलेली गोळी तर आपल्या घराघरांतल्या मुलींना दिली जाते, पीसीओएस म्हणून, पण खरं सांगायचं तर पुष्कळदा हनुवटीवरचे केस कांदेपोह्यांच्या आधी जावेत म्हणून. एकोणीस वर्षांच्या मुलीच्या शरीरातलं पुरुषी संप्रेरक दाबण्यासाठी आईची पर्स आणि त्वचारोगतज्ज्ञाची सही पुरते. त्या गोळीला आपण उपचार म्हणतो, कारण ती शरीराला आपल्या अपेक्षेकडे ढकलते. तोच रेणू अपेक्षेच्या विरुद्ध दिशेने निघाला की मानसोपचारतज्ज्ञाचं पत्र लागतं.

त्या पत्रासाठी काय करावं लागतं ते आमच्यातल्या प्रत्येकाला माहीत आहे. एका अनुभवी मैत्रिणीने मला सल्ला दिला होता: "डॉक्टरांपुढे 'कधी असं, कधी तसं' असलं काही बोलू नकोस. सरळ एक बाजू सांग." म्हणजे लहानपणापासून बाहुल्याच आवडायच्या, किंवा बाहुल्या कधीच आवडल्या नाहीत. आरसा नको वाटायचा. 'चुकीच्या शरीरात जन्म' हा इंग्रजीतून आयात झालेला शब्दप्रयोग पाठ करायचा. मी अनुवादाच्या धंद्यात वीस वर्षं काढली आहेत, मला उधारीचा शब्दप्रयोग लगेच ओळखू येतो. माझं शरीर चुकीचं नाही. ते माझंच आहे, आणि म्हणूनच त्याचं काय करायचं हा प्रश्न मला पडतो. शेजारच्याच्या शरीराबद्दल मला असले प्रश्न पडत नाहीत.

कायद्याचं वागणं यापेक्षा वेगळं नाही. 15 एप्रिल 2014 रोजी सर्वोच्च न्यायालयाने 'नालसा' खटल्याच्या निकालात स्पष्ट म्हटलं होतं की लिंगभावाची कायदेशीर ओळख मिळवण्यासाठी शस्त्रक्रिया, नसबंदी किंवा हार्मोन उपचार यांची सक्ती कुणावर करता येणार नाही. हार्मोनचं नाव घेऊन म्हटलं होतं. 2019 च्या कायद्याच्या व्याख्येत 'जेंडरक्विअर' हा शब्द आणि आपला 'जोगता' एकाच वाक्यात बसले. असली शेजारघरं फक्त कायद्यातच सापडतात. पण त्याच कायद्याने पुढे अट घातली: पारलिंगी असं प्रमाणपत्र जिल्हा दंडाधिकारी देतील, मात्र कागदावर 'पुरुष' किंवा 'स्त्री' लिहून हवं असेल तर शस्त्रक्रिया झाल्याचा वैद्यकीय दाखला आणा. 2020 च्या नियमांनी 'शस्त्रक्रिया'च्या जागी 'वैद्यकीय हस्तक्षेप' हा रुंद शब्द घेतला, त्यात समुपदेशन आणि हार्मोनही आले, आणि चळवळीतल्या काहींनी सुस्कारा सोडला. मला तो सुस्कारा समजतो. सुरीपेक्षा सुई बरी. पण तत्त्व तेच राहिलं, किंमत तेवढी उतरली. आणि 2022 मध्ये आयुष्मान भारत योजनेत वर्षाला पाच लाखांपर्यंतच्या उपचारांची घोषणा झाली तेव्हा तिच्या दाराशीही प्रमाणपत्रच उभं होतं. कागदासाठी औषध आणि औषधासाठी कागद, असं ते वर्तुळ. आमच्यासारख्या 'ठरत नाही' म्हणणाऱ्यांना त्यात पाय ठेवायला जागा नाही. आणि ज्यांचं पक्कं ठरलेलं असतं त्यांतले पुष्कळजण कुठल्याच दारात न जाता औषधाच्या दुकानातून गर्भनिरोधक गोळ्या आणून मनाने खातात, यकृताची तपासणी नाही, रक्ताची नाही.

आता माझ्या स्वतःच्या गल्लीत येतो तो मुद्दा. साहित्यवाल्यांना वाटतं हे सगळं डॉक्टर आणि सरकार यांचं पाप, आपण शब्दांची माणसं, आपल्याकडे मोकळीक. मुळीच नाही. मराठीतला संपादक हा जिल्हा दंडाधिकाऱ्याचा धाकटा भाऊ आहे.

मी जादवपूरला तुलनात्मक साहित्याचं एम.ए. केलं. तिथल्या बंगालीने मला पहिल्यांदा विश्रांती दिली, हे सांगायला हवं. बंगालीत क्रियापदाला लिंग नाही, 'शे' हे सर्वनाम तो आणि ती दोघांनाही चालतं. दिवसचे दिवस मला स्वतःबद्दल बोलता येत असे आणि दर वाक्याच्या शेवटी हजेरी लागत नसे. असमिया, ओडिया, मलयाळम बोलणाऱ्या वाचकांना यात नवल वाटणार नाही. हिंदी आणि मराठी बोलणाऱ्यांना वाटेल. आमच्या तोंडात 'मी आलो' किंवा 'मी आले' यांतलं एक ठरल्याशिवाय दारातून आत येता येत नाही.

अशा बंगाली कथेतला निवेदक, जो कुठेच स्वतःला पुरुष किंवा बाई म्हणवत नाही, तो मराठीत आणायचा तर काय करायचं? माझ्या एका अनुवादावर एका नियतकालिकाच्या संपादकांनी पेन्सिलीने लिहून पाठवलं होतं: 'निवेदक पुरुष की स्त्री? वाचक गोंधळेल. कृपया एकदा ठरवावे.' मूळ लेखिकेने दोनशे पानं जे ठरवलं नव्हतं ते मी चार दिवसांत ठरवून द्यायचं होतं. मराठीला ते शक्यच नाही, असं त्यांचं म्हणणं. मराठीबद्दल इतकं अज्ञान मराठी संपादकाला परवडतं, कारण या बाबतीत भाषेकडे नीट बघायची त्याला कधी गरजच पडली नाही.

बघितलं तर काय दिसतं? 'मी जातो, मी जाते' खरं. पण 'मी जात नाही' म्हटलं की लिंग गळून पडतं. हिंदीत तसं होत नाही, तिथे नकारालाही लिंग असतं. 'मी जाईन' यात लिंग नाही. हिंदीत भविष्यकाळही सुटत नाही. 'मला वाटतं', 'मला हवं', 'मला जायचंय', 'मला आठवतं' यांत नाही. सकर्मक भूतकाळात तर क्रियापद कर्त्याकडे ढुंकून बघत नाही, कर्माच्या मागे जातं: मी भाकरी खाल्ली, मी भात खाल्ला, मी पोहे खाल्ले. 'मी म्हणालो' आणि 'मी म्हणाले' यांच्या शेजारी 'मी म्हटलं' कायम बसलेलं आहे. म्हणजे मराठीत मला नाकारताना, इच्छा धरताना, आठवताना, उद्याबद्दल बोलताना लिंग सांगावं लागत नाही. सांगावं लागतं ते येता-जाताना. फ्रेंचमध्ये आन गारेता यांनी 1986 मध्ये 'स्फिंक्स' ही कादंबरी निवेदकाचं आणि त्याच्या प्रिय व्यक्तीचं लिंग न सांगता लिहिली तेव्हा त्यांना त्यासाठी बोलीतला भूतकाळ टाळून पुस्तकी भूतकाळाकडे जावं लागलं होतं. मराठीत इतका द्राविडी प्राणायामही नको, रोजची घरातली वाक्यं पुरतात.

आणि बोलींबद्दल तर बोलायलाच नको. कोल्हापूरकडच्या बायका 'मी आलो, मी गेलो' म्हणतात आणि त्यांच्या बाईपणाला काही होत नाही. कोकणीत तरुण मुलीला नपुंसकलिंग लावतात. 'माणूस' एकटा असताना पुल्लिंगी असतो, गर्दी झाली की 'माणसं आली'. वारीत पोटाचा घेर सुटलेला, मिशा पिळलेला वारकरीही 'माउली' असतो. (त्याच वारकऱ्याच्या घरात त्याचा मुलगा उद्या साडी मागेल तेव्हा काय होईल हे मला माहीत आहे, म्हणून या उदाहरणावर मी फार भार टाकत नाही.) नपुंसकलिंग आमच्यासाठी सोयीचं पडेल असं एका भाषाशास्त्रज्ञ मित्राने सुचवलं होतं. 'ते बघ आलं' ही शिवी रस्त्यावर ज्याने ऐकली आहे त्याला ते सोयीचं वाटत नाही. आणि त्या लिंगाचं नाव तरी काय ठेवलंय बघा.

वाचक गोंधळेल, ही भीती मला सगळ्यात खोटी वाटते. वाचक गोंधळू द्या की. लैंगिक हिंसेचं तपशीलवार वर्णन तो पचवतो, तीन पिढ्यांची वंशावळ लक्षात ठेवतो, एका क्रियापदाने त्याला भोवळ येणार आहे? गोंधळतो तो संपादक, आणि वाचकाच्या नावाने पावती फाडतो.

ऋतुपर्ण घोष यांच्या 'चित्रांगदा' या 2012 च्या चित्रपटावरची मराठी-हिंदीतली चर्चा मला याच रोगाचं लक्षण वाटते. त्यातला रुद्र हा नृत्यदिग्दर्शक. आपल्या प्रियकराबरोबर मूल दत्तक घेता यावं म्हणून तो शरीर बदलायला निघतो आणि शेवटी मागे वळतो. चर्चा अशी होते: मग तो खरा 'ट्रान्स' नव्हता का? घाबरला का? प्रेम संपलं म्हणून ओळखही संपली का? रवींद्रनाथांच्या मूळ नाटकाकडे, 1892 च्या, कुणी परतून बघत नाही. तिथे मुलासारखी वाढवलेली राजकन्या अर्जुनासाठी मदनाकडून रूप मागून घेते, तेही एका वर्षासाठी. मुदतीचा वर. वर्षभर ती त्या शरीरात राहते, त्यातलं सुख भोगते, त्याचा कंटाळाही येतो तिला, आणि मग ते परत करते. ते वर्ष खोटं होतं असं म्हणायची माझी तयारी नाही, आणि आधीची धनुर्धारी चित्रांगदा अपुरी होती असंही नाही. आपल्याला मात्र शेवटचं दृश्य हवं असतं, कारण शेवटी जे दिसतं तेच खरं असा आपला समज. हार्मोन सहा महिने घेऊन थांबलेल्या माणसाला 'पस्तावला' म्हणण्याची घाई याच समजातून येते. काहींना पस्तावा होतो, ते तसं सांगतात आणि त्यांचं ऐकायला हवं. काहीजण मात्र हवा तेवढा आवाज मिळाला म्हणून थांबतात. काही पैसे संपले म्हणून. काही लग्नसराईत घरी जायचं म्हणून, आणि पुन्हा सुरू करतात.

या सगळ्यावर मला मिळालेला सर्वांत कठीण आक्षेप शत्रूकडून आला नाही. माझी एक पारलिंगी मैत्रीण बारा वर्षं इस्ट्रोजेन घेते आहे. ती म्हणाली, "तुझं हे 'ठरत नाही' छान आहे. पण त्याची किंमत आम्ही भरतो. उद्या माझ्यासारखी अठरा वर्षांची पोर डॉक्टरकडे जाईल, आणि डॉक्टर म्हणेल, बघ, तुमच्यातलेच शिकलेले लोक म्हणतात की हार्मोनशिवायही चालतं. थांब पाच वर्षं." तिच्यासाठी ते औषध म्हणजे जगणं होतं, हे मी जवळून पाहिलं आहे. थांबायला लावलेल्या मुलींचं काय होतं तेही तिने पाहिलं आहे, मी कमी.

तिचं म्हणणं मला खोडता येत नाही आणि खोडायचंही नाही. माझा 'ठरत नाही' कुणाच्या 'ठरलंय'विरुद्ध पुरावा म्हणून वापरला जाणार असेल तर तो वापरणाऱ्याचे हात धरायचं काम माझंही आहे. पण तिने स्वतःची गोष्ट सांगितली त्यात एक जागा होती. पत्र मिळावं म्हणून तिलाही बाहुल्यांची गोष्ट सांगावी लागली होती. तिला बाहुल्या आवडत नसत, ती गल्लीत विटीदांडू खेळत असे, उत्तम. तिच्या मनात तसूभर शंका नव्हती, आणि तरी तिला खोटं बोलावं लागलं. म्हणजे जे दार माझ्यासाठी बंद आहे ते तिच्यासाठीही सरळ उघडलं नव्हतं. तिने फक्त परवलीचा शब्द पाठ केला. खात्रीचं तिकीट काढून टाकलं तर तिचा रस्ता लांब होईल असं मला वाटत नाही. डॉक्टरांनी तिला विचारायला हवं होतं ते माझ्यासाठीही तेच आहे: काय बदलेल ते समजलंय का, काय परत येणार नाही ते समजलंय का, रक्त कधी तपासणार, मूल हवंय का, घरी कुणी आहे का. हे विचारणं म्हणजे काळजी. 'तू खरी आहेस का' हे विचारणं म्हणजे नाका. दोन्ही एकाच टेबलामागून होतं म्हणून आपल्याला एकच वाटतं.

ती अजून माझ्याशी पुरती सहमत नाही. हरकत नाही.

दुसऱ्या बाजूने स्त्रीवादी मैत्रिणी येतात: लिंगभाव जर समाजाने घडवलेला, तर तो मोडायचा सोडून शरीर कशाला बदलायचं? त्यांतल्या निम्म्या केस रंगवतात, हे मी तोंडावर बोलत नाही. शरीर हे सिद्धान्ताचं परिशिष्ट नाही. एखादं शरीर पुरोगामी मुद्दा मांडण्यासाठी तसंच ठेवावं, ही अपेक्षा खूण दाखवा म्हणणाऱ्यांच्याच जातीची आहे.

गेल्या उन्हाळ्यात एका दवाखान्याने हार्मोन उपचारांचं संमतिपत्र मराठीत करायला माझ्याकडे दिलं. इंग्रजी चार पानी. कामाला बसल्यावर लक्षात आलं की कागदी मराठी या बाबतीत बोलीपेक्षा उदार आहे. 'मी ही माहिती वाचली आहे', कर्म स्त्रीलिंगी, मी मोकळं. 'मला धोके समजावून सांगण्यात आले आहेत.' 'मी संमती देत आहे.' 'मी हे उपचार केव्हाही थांबवू शकेन याची मला कल्पना आहे', इथे 'शकतो' ऐवजी 'शकेन' घेतलं, अर्थ बिघडला नाही. परत न फिरणाऱ्या बदलांच्या यादीत दीड दिवस गेला, कारण आवाज 'घोगरा' होणं आणि 'खाली उतरणं' यांत फरक आहे आणि तो सही करणाऱ्याला कळायला हवा. चारही पानांत लिंग विचारणारं वाक्य एकच होतं, अगदी पहिलं: मी स्वतःला पुरुष किंवा स्त्री मानतो किंवा मानते, लागू नसेल ते खोडा. मी तिथे लिहिलं: 'मला माझ्या लिंगभावाबद्दल असे वाटते:' आणि पुढे दोन रिकाम्या ओळी सोडल्या.

मसुदा परत आला. बाकी सगळं मंजूर. त्या ओळीशेजारी लिहिलं होतं, 'मानतो की मानते, एक काहीतरी कळवावे, छपाईला द्यायचे आहे.' मी रिकाम्या ओळी दोनाच्या तीन करून पाठवल्या आहेत. अजून उत्तर नाही.